चार वाजताचे डॉक्टर

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. नव्या जागेत येऊन तीन आठवडे झाले. सेटलिंग संपलं असं मी सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं. हिने विचारलं, गिझर कधी सेटल होणार? मोठ्या कामाला टीकाकार असायचेच.

इथली हवा उत्तम. अण्णांसाठीच आलो. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला जुन्या वस्तीतला धूर आणि भोंगे कशाला? इथे इतकी शांतता की रिकामी लिफ्ट वर-खाली जाते तेही घरात ऐकू येतं. बावीस मजली इमारत, राहणारी घरं जेमतेम दहा-बारा. लिफ्ट पंधराव्यावर थांबते, दार उघडतं, कोणी नसतं, दार मिटतं. लिफ्ट कंपनीला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, साहेब, पंधराव्यावर अजून कोणी राहायलाच आलेलं नाही, बटण दाबणार कोण? म्हटलं, मी तेच विचारतोय. त्याने फोन ठेवला.

अण्णांचे पाय जरा सुजलेत. बाथरूमपर्यंत जाताना दम लागतो. काळजीचं कारण नाही, पण फॅमिली डॉक्टर हवा. संकल्प : शनिवारपर्यंत डॉक्टर फिक्स. कंपनीत आयुष्यभर अॅडमिन सांभाळलं. कॅन्टीनवाल्यापासून आग विझवायच्या सिलिंडरवाल्यापर्यंत सगळे व्हेंडर मी डेव्हलप केले. एक डॉक्टर शोधणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

५ मार्च, बुधवार

दवाखाना सापडला! शॉपिंग कॉम्प्लेक्समध्ये, अगदी कोपऱ्यातला गाळा. काचेतून आत पाहिलं. टेबल, खुर्ची, खुंटीवर पांढरा कोट, पंखा चालू. भिंतीवर पेशंटचा नंबर दाखवणाऱ्या डब्यात लाल सात. दाराला कुलूप. शेजारचा केमिस्ट म्हणाला, डॉक्टर संध्याकाळी येतात.

संध्याकाळी गेलो. पंखा चालू, सात नंबर, कुलूप. केमिस्ट म्हणाला, सकाळी येतात. विचारलं, तुम्ही त्यांना पाहिलंय का? तो विचारात पडला. म्हणाला, पेशंट तर येतात. बाहेरच्या बाकावर बसतात, नंतर उठून जातात. त्यात त्याला काही खटकत नव्हतं. दोन बायका बसल्याच होत्या, त्यांनी मला जागा करून दिली. मीही थोडा वेळ बसलो. पंख्याच्या वाऱ्याने आतला कोट हलत होता. उगाच अंगावर काटा आला. बहुधा एसी.

प्राण्यांचे डॉक्टर मात्र इथे तीन आहेत. कुत्र्यांची चंगळ आहे.

८ मार्च, शनिवार

संकल्पाची मुदत पुढच्या शनिवारपर्यंत वाढवली. मधल्या काळात मोबाइलवरचे डॉक्टर ट्राय केले. अॅप डाउनलोड केलं, अण्णांना फोनसमोर बसवलं. अण्णांना आता नुसत्या सावल्या दिसतात, त्यामुळे स्क्रीनवर कोण आहे ते त्यांना सांगावं लागलं. पलीकडचा डॉक्टर बोलता बोलता तोंड उघडं ठेवून गोठला. अण्णांनी शर्टाची बाही वर केली आणि मनगट फोनसमोर धरून बसले. नाडी बघायला. बराच वेळ. हिने उठून फोन बंद केला.

अण्णा एवढंच म्हणाले, अरे, आपल्या डॉक्टरांना बोलव ना.

आपले डॉक्टर म्हणजे जुन्या वस्तीतले. आमच्या तीन पिढ्यांच्या जिभा त्यांनी पाहिल्या. निरोप गेला की चारच्या ठोक्याला घरी हजर. आधी कोमट पाण्याने हात धुणार, मग खुर्ची बाजूला सारून पेशंटच्या पलंगावरच टेकणार. चार वर्षांपूर्वी गेले. पोचवायला मी स्वतः गेलो होतो. अण्णांना हे माहीत आहे. आठवण करून दिली तर म्हणाले, हो रे, मला काय वेड लागलंय?

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी घरी आलो (प्लंबरच्या शोधात गेलो होतो, तोही नंबर सातचाच नातेवाईक असावा). अण्णा ताजेतवाने. म्हणाले, आपले डॉक्टर येऊन गेले. मीठ कमी करायला सांगितलंय, उशाला दोन उशा घ्यायच्या आणि पाय उंचावर.

मी हसून घेतलं. मग अण्णांचे पाय पाहिले. सूज उतरलेली. उशा दोन. रचल्या कोणी? ही म्हणाली, मी नाही. अण्णांनी स्वतःच घेतल्या असणार.

मनाला लागलं, खोटं कशाला बोला. मी आठवडाभर चपला झिजवतोय तर एक जिवंत डॉक्टर मिळत नाही आणि गेलेला माणूस एवढ्या लांब व्हिजिटला येतो.

१२ मार्च, बुधवार

चार वाजता अण्णांच्या खोलीत कोमट पाण्याचं भांडं, नवा साबण, घडीचा नॅपकिन. हिने ठेवलं. मी म्हटलं, हे असलं काही वाढवू नकोस, उद्या आटोपता आटोपणार नाही. ही म्हणाली, पाणी ठेवायला काय जातंय? येऊ दे ना कोणीतरी या घरात.

गिझर बंद असल्यामुळे पाणी गॅसवर तापवावं लागतं हेही सुनावलं.

१४ मार्च, शुक्रवार

आयडिया! अशी आयडिया सिलिंडरच्या टेंडरनंतर पहिल्यांदाच सुचली.

अण्णांना आपल्याच डॉक्टरांकडून तपासून घ्यायचंय. मला अण्णांच्या बीपीचे आकडे हवेत, पण ते मला पट्टा बांधू देत नाहीत, म्हणतात तू हात आवळतोस. तर मीच डॉक्टर व्हायचं. फॅक्टरीच्या राउंडला घालायचा पांढरा कोट आहेच. ही फसवणूक नव्हे, व्यवस्थापन आहे.

केमिस्टकडून स्टेथोस्कोप घेतला. तो एकदम उभा राहिला. म्हणाला, सर, आधी सांगायचं ना! मी गूढ हसलो.

आवाजाचा प्रश्न आहे. अण्णा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, नुसत्या हॅलोवरून माणूस ओळखायचे. पण कान इतके वापरल्यावर झिजले असणारच. मी घशातून, जाड आवाजात बोलेन. आरशासमोर प्रॅक्टिस केली. हिने दार लावून घेतलं.

१८ मार्च, मंगळवार

पहिली व्हिजिट. दणदणीत यश!

चारला कोट घालून बाहेर गेलो, बेल वाजवली. हिने दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा लक्षात ठेवण्यासारखा होता. हात धुतले. खुर्चीवर बसलो तर अण्णा म्हणाले, आज खुर्चीवर? लगेच पलंगावर टेकलो. जाड आवाजात म्हटलं, काय म्हणतोय गडी? डॉक्टरांचं ते ठेवणीतलं वाक्य. अण्णा एवढे हसले की मला भीती वाटली.

बीपीचे आकडे मिळाले. मी ते पाहून हं, हं केलं. मग अण्णा बोलायला लागले. लहानपणी विहिरीत पडले होते ते. आईशी पहिल्यांदा फोनवरच बोलले ते. मला यातलं काही माहीत नव्हतं. मध्येच विचारलं, मुलाला सांगितलं का हे? म्हणाले, तो कामात असतो हो. चांगला आहे, पण बसत नाही.

निघताना घड्याळ पाहिलं तर तास होऊन गेला होता. मंगळवार आणि शुक्रवार असं शेड्यूल ठरवलं.

२१ मार्च, शुक्रवार

कोट घालून बाहेर उभा होतो तर वॉचमन लिफ्टमधून आला. सलाम ठोकला. त्याच्याबरोबर चौथ्या मजल्यावरचा एक खोकणारा माणूस. म्हणाला, केमिस्टने सांगितलं नऊशे तीनमध्ये डॉक्टर आलेत. त्याला म्हटलं, वाफ घ्या. एवढं तर कोणीही सांगेल.

२४ मार्च, सोमवार

चौथ्या मजल्याचा खोकला गेला. सोसायटीच्या ग्रुपवर त्याने माझं नाव न घेता आभार मानले. आज आणखी दोघं. एकीला अॅसिडिटी, तिला म्हटलं रात्री हलकं जेवा. दुसऱ्याला नुसतं बोलायचं होतं, शेजारी कोणी राहत नाही म्हणून त्याला झोप लागत नाही. मी डॉक्टर नाही असं सांगणार होतो, पण लोकांच्या तोंडावरचा विश्वास मोडवेना. शिवाय गुण येतोय.

ही म्हणाली, एक दिवस हे तुमच्या अंगाशी येईल. नावडतीचं मीठ अळणी.

२८ मार्च, शुक्रवार

गॅस कनेक्शनच्या ऑफिसात दिवस गेला. नवीन रस्ता खणून ठेवलाय, रिक्षा मिळेना. घरी पोचलो तेव्हा साडेपाच. व्हिजिट चुकली. अण्णांची माफी कशी मागावी याचा विचार करत आलो. डॉक्टर म्हणून मागावी की मुलगा म्हणून?

अण्णा प्रसन्न. म्हणाले, डॉक्टर येऊन गेले. आज अगदी निवांत बसले. मधूनमधून घड्याळ बघतात तसं आज बघितलं नाही.

भांड्यातलं पाणी गढूळ. साबण ओला. नॅपकिनची घडी मोडलेली. पलंगाच्या कडेला चादर कोणी बसून उठावं तशी दबलेली. हिला विचारलं. ही म्हणाली, तुम्हीच होता ना? मी स्वयंपाकघरात होते, दार वाजलं, बोलणं ऐकू आलं. मनात म्हटलं, आज बरे वेळेवर आलात.

मी घरी नव्हतो म्हटल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली.

लॉजिकल कारण : अण्णांनी स्वतःच हात धुतले, स्वतःशीच बोलले. पण अण्णा आधाराशिवाय उठत नाहीत. जेवण गेलं नाही. लिफ्ट पंधराव्यावर जाऊन आली.

१ एप्रिल, मंगळवार

लिहू की नको? लिहितो. ही माझीच वही आहे.

आज व्हिजिटला अण्णांनी स्वतःहून बाही वर केली. नाडी धरली तेव्हा म्हणाले, डॉक्टर, छातीत कळ येते. डावा हात जड होतो. इथे आल्यापासून आहे, हल्ली वाढलंय. माझ्या तोंडून जाड आवाज येईना. हं म्हटलं. ते म्हणाले, मुलाला सांगू नका. फार हौसेनं आणलंय मला इथं त्यानं. चुकलं असं कळलं तर त्याला सोसणार नाही, लहानपणापासून हरलेलं सोसत नाही त्याला. पत्त्यांत मी मुद्दाम हरायचो.

मी त्यांचं मनगट धरून बसून राहिलो. त्यांनीच माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, तुमचा हात आज गार लागतोय.

रात्री शांतपणे विचार केला. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं डॉक्टरने फोडायचं नसतं. आणि मुलगा म्हणून मला अधिकृतपणे काही माहीत नाही. त्यामुळे हिलाही सांगता येत नाही, ताईलाही नाही. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, जुन्या वस्तीतच राहते. तिला कळलं तर आजच्या आज गाडी घेऊन येईल आणि मी तुला तेव्हाच सांगत होते हे वाक्य मला मरेपर्यंत ऐकवेल. संकल्प : रूटीन चेकअपच्या नावाखाली आठवड्यात हार्टचा डॉक्टर. कोणाला काही कळायला नको.

४ एप्रिल, शुक्रवार

शहरातल्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट मिळाली, ११ तारखेची. सकाळी मुलगा म्हणून सांगितलं, अण्णा, चेकअपला जाऊ. म्हणाले, कशाला? डॉक्टर घरी येतात की. कारण विचारायला लागले, मला कारण सांगता येईना.

चारला डॉक्टर म्हणून सांगितलं, जाऊन या, मी सांगतो म्हणून. लगेच तयार झाले. म्हणाले, पण मुलाला तुम्हीच निरोप द्या, गाडी त्याला ठरवावी लागेल. मी म्हटलं, देतो. दिला. गाडी ठरवली.

ही दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, तुम्हाला काहीतरी माहीत आहे. मी म्हटलं, छे.

९ एप्रिल, बुधवार

आजचं अक्षर वाचता येणार नाही, पण वाचणार कोण?

साडेतीनला हिची हाक. अण्णांना दरदरून घाम, ओठ निळे, श्वास पुरेना. अॅम्ब्युलन्सवाल्याला फोन केला. त्याने खूण विचारली. म्हटलं, कॉम्प्लेक्समधल्या दवाखान्याच्या समोर. तो म्हणाला, तिथे दवाखाना कुठे आहे? त्याच्या मॅपवर आमची इमारतच नव्हती, मोकळं मैदान होतं. म्हणाला, मोठ्या रस्त्यापर्यंत पेशंट आणा.

ग्रुपवर टाकलं : पेशंट सीरियस. डॉक्टर हवा. ताबडतोब.

सगळ्या इमारतीत एरवी कोणी हॅलो म्हणत नाही. आता धडाधड उत्तरं आली. नऊशे तीनला जा. नऊशे तीनमध्ये डॉक्टर आहेत, फार चांगले आहेत. नऊशे तीन. नऊशे तीन. चौथ्या मजल्याने लिहिलं, घाबरू नका, ते घरीच असतात.

मी नऊशे तीनमध्ये उभा राहून ते वाचत होतो.

बेल वाजली. वॉचमन आणि त्याच्यामागे चार-पाच जण. वॉचमन म्हणाला, साहेब, कोणीतरी सीरियस आहे, कुठल्या मजल्यावर ते कळत नाही, तुम्ही बॅग घेऊन चला. मी म्हटलं, इथेच आहे. माझे वडील. सगळ्यांचे चेहरे सैल पडले. कोणीतरी म्हणालं, मग काय काळजी नाही.

मी सांगितलं, मी डॉक्टर नाही. कोणी हललं नाही. पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं. चौथ्या मजल्यावरचा म्हणाला, असं कसं, मला गुण आला की.

ही सगळ्यांना ढकलून खाली धावली, अनवाणी. कॉम्प्लेक्समधल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना ओढूनच आणलं. बाईंनी नाडी पाहिली, एक गोळी चघळायला दिली, म्हणाल्या, माझी व्हॅन आहे, उचला. विचारलं, कळ किती दिवसांपासून? ही म्हणाली, नाही हो, कधी बोलले नाहीत. मी म्हटलं, इथे आल्यापासून. मला आठवड्यापूर्वी सांगितलंय.

ही माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने अण्णांचे पाय धरले, मी खांदे धरले. व्हॅनमध्ये कुत्र्यांच्या पिंजऱ्यांशेजारी अण्णांना झोपवलं. हॉस्पिटल येईपर्यंत ही माझ्याकडे पाठ करून अण्णांचे पाय चोळत होती. मला लाज वाटत होती. आणि भीती. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

१० एप्रिल, गुरुवार

अण्णा वाचले. मोठे डॉक्टर म्हणाले, महिन्यापूर्वी आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं. आता हृदय जेवढं चालतंय तेवढं चालेल. सांभाळून राहायचं, हॉस्पिटलच्या जवळ राहायचं. ताई आली. ते वाक्य ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल, सोमवार

डिस्चार्ज. अण्णा ताईकडे. फक्त दोन-तीन आठवडे. तोवर मी इथली सगळी सिस्टिम लावतो. गिझरवाला उद्या येतोय. ऑक्सिजनवाल्याशी बोलणं चाललंय. पंधराव्यावरच्या लिफ्टचंही बघतो. अण्णा परत येतील तेव्हा सगळं दहा मिनिटांवर असेल.

हीसुद्धा अण्णांच्या मदतीला ताईकडेच राहिली आहे. किती दिवस ते विचारलं नाही.

दोघं जण येऊन गेले. एकाच्या आईला चक्कर येते. दार उघडलं नाही. ते बराच वेळ बाहेर उभे होते.

१९ एप्रिल, शनिवार

आज ताईकडे गेलो. ठरवून गेलो होतो : कोट नाही, जाड आवाज नाही, नुसतं मुलगा म्हणून अण्णांजवळ तासभर बसायचं. घड्याळ काढून खिशात ठेवलं.

अण्णा खिडकीजवळच्या पलंगावर. बारीक झालेत. मी पलंगावरच टेकलो. म्हटलं, कसं वाटतंय अण्णा? म्हणाले, बरं आहे. गिझर झाला का? म्हटलं, होईल. विहिरीचं विचारणार होतो, पण ते मला सांगितलेलंच नव्हतं. मनगट धरावंसं वाटलं, तेही जमेना. खालच्या रस्त्यावर भोंगे वाजत होते. अण्णा ते मन लावून ऐकत होते. मी म्हटलं, अण्णा, माझं चुकलं. ते म्हणाले, अरे, हवा चांगली होती की तिथली.

मग एकदम सावरून बसायला लागले. मी उशी दिली. शर्टाची बटणं लावली त्यांनी, हाताने केस सारखे केले. म्हणाले, तू जरा बाहेर जातोस का? चार वाजले. डॉक्टर यायची वेळ झाली.

म्हटलं, अण्णा, मी बसतो ना. म्हणाले, नको रे, त्यांच्याशी जरा बोलायचं असतं.

बाहेर आलो. दार ओढून घेतलं. आतून अण्णांचं हसणं ऐकू आलं, मोकळं, पहिल्या व्हिजिटला हसले होते तसं. मग हळू आवाजात बोलायला लागले. मुलगा येऊन गेला हो आत्ताच. फार वेळ बसला आज. मधे थांबत होते, ऐकत होते, मग पुन्हा बोलत होते. मी दाराला कान लावला. दुसरा आवाज काही येत नव्हता.

ताई चहा घेऊन आली. म्हणाली, असा बाहेर का उभा आहेस? जा ना आत.

मी म्हटलं, हळू बोल. आत डॉक्टर आहेत.